दगड कापणारी घरगुती करवत: ती कशी बनते, कशी चालते आणि नांदेड-लातूरच्या दगडाला ती का लागते?

नांदेड किंवा लातूरमध्ये कुठेही घराचं बांधकाम सुरू असलं की एक दृश्य हमखास दिसतं. मिस्त्री उकिडवा बसून शहाबादी फरशीवर कटर चालवत असतो आणि शेजारी उभा असलेला बिगारी झाकणाला भोक पाडलेल्या पाण्याच्या बाटलीतून धार सोडत असतो. बाटली रिकामी झाली की पांढरा धुरळा उठतो. मिस्त्री रुमाल नाकावर ओढतो आणि काम चालूच राहतं.

या एका दृश्यात दगडकापणीचं जवळपास सगळं शास्त्र आहे आणि तिचे दोन्ही मोठे धोकेही आहेत. अंगणातली फरशी बसवायची असो, तुळशी वृंदावनासाठी दगड घडवायचा असो किंवा नदीत सापडलेली गारगोटी कापून आतले पट्टे बघायचे असोत, अनेकजण घरच्या घरी दगड कापायची करवत बनवतात. ती नेमकी कशी काम करते, कशी बनवायची आणि कुठे थांबायचं, हे समजून घेऊया.

दगडाच्या करवतीला दात का नसतात?

लाकडाच्या करवतीचे दात लाकडाचे तंतू तोडतात. दगडाला तंतू नसतात. तो खनिजांच्या बारीक कणांनी बनलेला असतो. त्यामुळे दगड 'कापला' जातो असं आपण म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात तो एका अरुंद रेषेत झिजवला जातो. झिजवण्यासाठी एकच अट आहे: घासणारा कण दगडापेक्षा कठीण हवा.

हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं. प्राचीन इजिप्तमध्ये तांब्याची पट्टी आणि वाळू वापरून दगड कापले जात. तांबं दगडापेक्षा कितीतरी मऊ असतं, पण कापण्याचं काम तांबं करतच नव्हतं. ते फक्त वाळू पुढे-मागे ओढत होतं. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीवर चालणाऱ्या दगडकापणी यंत्राचं शिल्प कोरलेलं आहे.

आजच्या ब्लेडमध्ये वाळूची जागा हिऱ्याने घेतली आहे. 1954 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार करण्यात यश आलं आणि पुढे हिऱ्याची पूड कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणूनच हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या ब्लेडवरही खरा हिरा असतो, फक्त तो दागिन्यातला नसतो.

नांदेड आणि लातूरचा दगड एकच आहे का?

नाही. करवत बनवण्याआधी ही गोष्ट समजून घेणं महत्त्वाचं आहे.

लातूर जिल्हा आणि नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या पठारावर येतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हारसातून बनलेला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, इथे सगळीकडे आहे. पण नांदेडच्या आग्नेयेकडे, देगलूर, बिलोली, मुखेड या पट्ट्यात लाव्हाचा थर संपत जातो आणि त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट वर दिसू लागतो. लातूर जिल्ह्यात काही ठिकाणी जांभा दगडही आहे. औसा तालुक्यातली खरोसा लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत.

दगडांचा कठीणपणा मोजण्यासाठी जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये 1 ते 10 अशी मोजपट्टी तयार केली. त्यावर आपल्या ओळखीच्या गोष्टी साधारण अशा बसतात:

- शहाबादी फरशी (चुनखडीचा दगड): 3 ते 4
- साधा लोखंडी खिळा: 4 ते 5
- काळा पाषाण: 6 च्या आसपास
- ग्रॅनाइट: 6 ते 7
- गारगोटी, अकीक: 7 च्या आसपास
- हिरा: 10

जांभा या यादीत नाही, कारण तो एकसारखा नसतो. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत वाळला की टणक होतो. म्हणून कोकणातल्या चिरेखाणींमध्ये जागेवरच मोठी चक्री करवत फिरवून चिरे कापून काढतात. काळ्या पाषाणाला ही सवलत नाही. तो पहिल्या दिवशीही तितकाच कठीण असतो.

मराठवाड्यात हा कठीण दगड पिढ्यान्‌पिढ्या घडवला तो वडार आणि पाथरवट समाजातल्या कारागिरांनी. दगडात एका ओळीत भोकं पाडायची, त्यात पाचरी ठोकायच्या, दगड रेषेत फुटला की छन्नी-हातोड्याने आणि टाकीने घडवायचा, ही त्यांची पद्धत. पाटा-वरवंटा, जातं, उखळ यांपासून ते देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या मंदिरावरच्या शिल्पांपर्यंत सगळं हातानेच घडलं आहे. पाचरीने दगड फोडताना वाया फार कमी जातो आणि धूळही कमी उडते. पण तळहाताएवढा पातळ आणि सपाट तुकडा हवा असेल, तर पाचर उपयोगाची नाही. तिथे करवत लागते.

विजेशिवाय चालणारी करवत कशी बनते?

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी धोक्याची करवत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही ती ठेवता येईल.

लाकडाची एक चौकट घ्यायची, जुन्या सुतारी करवतीला असते तशी. तिच्यात 2 ते 3 मिलिमीटर जाडीची, दात नसलेली लोखंडी पट्टी ताणून बसवायची. दगड लाकडी साच्यात घट्ट बसवायचा, म्हणजे तो हलणार नाही. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी पट्ट्या लावायच्या, म्हणजे सुरुवातीला करवत घसरणार नाही. मग रेषेवर ओली वाळू टाकून पट्टी पुढे-मागे ओढत राहायची. वाळू झिजून बारीक झाली की धुऊन नवीन टाकायची.

वाळूतला गारेचा कण 7 कठीणपणाचा असतो, म्हणजे काळ्या पाषाणापेक्षा थोडाच जास्त. त्यामुळे फरशी किंवा जांभा कापला जातो, पण पाषाणाला फार वेळ लागतो. वाळूऐवजी कार्बोरंडमची पूड वापरली तर काम बरंच लवकर होतं, कारण तिचा कठीणपणा 9 पेक्षा जास्त असतो. एक नियम मात्र कायम: वाळू किंवा पूड कधीही कोरडी घासायची नाही.

मोटरवर चालणारी करवत बनवायला काय काय लागतं?

गारगोट्या किंवा छोटे दगड नियमित कापायचे असतील, तर टेबलावरची चक्री करवत बनवली जाते. तिचे भाग साधारण असे असतात:

- अर्धा हॉर्सपॉवरची, मिनिटाला 1440 फेरे घेणारी सिंगल फेज मोटर
- दोन पुली आणि व्ही-बेल्ट
- लेथवर तयार करून घेतलेला शाफ्ट आणि दोन पेडेस्टल बेअरिंग
- 200 मिलिमीटर, म्हणजे 8 इंची, अखंड कडेचं हिऱ्याचं ब्लेड
- ब्लेडच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या एकसारख्या मापाच्या चकत्या, म्हणजे फ्लँज
- मधे खाच असलेला जाड पत्र्याचा टेबल आणि खाली पाण्याचा ट्रे
- ब्लेडवर आणि बेल्टवर झाकण
- अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी

यात सगळ्यात जास्त विचार वेगाचा करावा लागतो. 200 मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला साधारण 2400 फेऱ्यांनी फिरवलं, तर त्याची कड सेकंदाला सुमारे 25 मीटर धावते. कठीण दगडासाठी हा वेग योग्य मानला जातो. मोटर 1440 फेऱ्यांची आहे, म्हणून मोटरवर 5 इंची आणि शाफ्टवर 3 इंची पुली लावायची. 1440 ला 5 ने गुणून 3 ने भागलं की बरोबर 2400 येतात. ब्लेडवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो कधीही ओलांडायचा नाही.

बेल्ट लावण्याचं दुसरं कारण पाणी आहे. बेल्टमुळे मोटर ब्लेडपासून लांब आणि ट्रेपेक्षा उंच ठेवता येते, त्यामुळे तिच्यावर पाणी उडत नाही. ट्रेमधलं पाणी इतकंच हवं, की ब्लेडची खालची कड साधारण 1 सेंटिमीटर बुडेल. फिरताना ब्लेड स्वतःच पाणी वर घेऊन जातं. यात तीन फायदे होतात: ब्लेड थंड राहतं, कापलेला चुरा बाहेर निघतो आणि धूळ हवेत जात नाही.

ब्लेड बसवताना तीन गोष्टी बघायच्या. ब्लेडवरचा बाण फिरण्याच्या दिशेने असावा. ब्लेडचं मधलं छिद्र शाफ्टवर नेमकं बसावं, कारण सैल बसलेलं ब्लेड थरथरतं आणि वाकतं. आणि नट फिरण्याच्या दिशेमुळे घट्ट होईल अशाच आट्यांचा असावा, सैल होईल अशा नाही. वेल्डिंग आणि शाफ्टचं काम जाणकाराकडून करून घ्यावं आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून.

8 इंची ब्लेड 8 इंची दगड का कापत नाही?

पहिल्यांदा करवत बनवणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ब्लेडच्या मध्यभागी फ्लँज असते. 200 मिलिमीटरच्या ब्लेडला 50 मिलिमीटरची फ्लँज असेल, तर एका बाजूला फक्त 75 मिलिमीटर कड उरते. त्यातून टेबलाची जाडी आणि थोडी मोकळी जागा वजा केली की हातात साधारण 6 सेंटिमीटर खोली राहते. यापेक्षा जाड दगड उलटवून दुसऱ्या बाजूने कापावा लागतो आणि तेव्हा दोन्ही काप एका रेषेत येतील याची काळजी घ्यावी लागते.

दगड कापताना काय करायचं?

गोल दगड हाताने धरून कापायचा नाही. तो गरकन फिरला तर ब्लेड अडकतं आणि दगड अंगावर येतो. सोपा उपाय म्हणजे दगड एका लाकडी ठोकळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवायचा, वाळू द्यायचा आणि मग ठोकळा टेबलाला लावलेल्या सरळ पट्टीच्या कडेने पुढे सरकवायचा.

ब्लेड पूर्ण वेगात आल्यावरच दगड टेकवायचा. आधी हलकी खाच पाडायची, मग हळूहळू आत जायचं. जोर लावून उपयोग नसतो, कारण ब्लेड आपल्या गतीनेच झिजवतं. मधेच दगड आडवा वळवला तर ब्लेड वाकतं आणि पुन्हा सरळ कापत नाही. शेवटचे काही मिलिमीटर सगळ्यात सावकाश कापायचे, नाहीतर दगडाचा टवका उडतो.

बरेच काप झाल्यावर ब्लेड कापेनासं झालं, तर ते संपलं असं समजून फेकू नये. ब्लेडच्या कडेला हिऱ्याचे कण धातूत बसवलेले असतात. वरचे कण बोथट झाले की धातू झिजून खालचे नवे कण बाहेर यायला हवेत. फार कठीण दगडात कधी कधी धातू झिजतच नाही आणि कड गुळगुळीत होते. अशा वेळी मऊ पण खरखरीत विटेत किंवा घासदगडात पाणी ठेवून दोन-चार काप घेतले की नवे कण उघडे पडतात.

कपड्यांकडेही लक्ष हवं. पदर, ओढणी, गमछा, सैल बाही, हातातला दोरा, यातलं काहीही फिरत्या ब्लेडजवळ नको. सैल हातमोजेसुद्धा नकोत, कारण ते बोटांसकट आत ओढले जातात. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा आणि कानात प्लग हवेत.

ग्राइंडर उलटा बांधून करवत बनवली तर?

सोशल मीडियावर असे व्हिडिओ खूप दिसतात. चार इंची ग्राइंडर किंवा मार्बल कटर पत्र्याखाली उलटा बांधायचा, स्विच कायम चालू राहील असा टेप लावायचा आणि वरून पाणी सोडायचं. स्वस्त आणि पाच मिनिटांत तयार.

हिशेब केला की धोका लक्षात येतो. 110 मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला 12,000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला जवळपास 69 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 249 किलोमीटर वेगाने धावते. वर बनवलेल्या करवतीच्या पावणेतीन पट. त्या वेगात ब्लेडचा तुकडा उडाला तर पत्र्याचं पातळ टेबल तो अडवू शकत नाही.

दुसरा धोका विजेचा आहे. हातात धरायचं साधं ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेलं नसतं. त्याच्या हवा खेळण्याच्या फटींमधून पाणी आत गेलं की शॉक बसू शकतो. टेप लावलेल्या स्विचमुळे अशा वेळी मशीन लगेच बंदही करता येत नाही. बाटलीची धार, ओली जमीन आणि अनवाणी पाय, हे सगळं आपल्याकडच्या बांधकामांवर रोज एकत्र येतं. म्हणूनच कामाच्या लाइनवर आरसीसीबी असणं आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो चालतो का हे बघणं गरजेचं आहे.

आणि एक: लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला कधीही लावू नये. ते अडकलं की ग्राइंडर हातातून उसळतं.

खरा धोका दिसत नाही तो: धूळ

बोट कापलं तर लगेच कळतं. धुळीचं तसं नसतं.

ग्रॅनाइट आणि गारगोटीत स्फटिकरूप सिलिका भरपूर असते. कोरडा दगड कापताना तिचे इतके बारीक कण उडतात, की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. फुप्फुस त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्या जागी व्रण बनतात, फुप्फुस कडक होत जातं आणि दम लागू लागतो. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो साधारणपणे अनेक वर्षांच्या कामानंतर दिसतो, पण धूळ फार जास्त असेल तर काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांतही होऊ शकतो. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता वाढते आणि खोकला, वजन घटणं, दम लागणं ही लक्षणं सारखीच असल्याने अनेकदा सिलिकोसिसलाच टीबी समजलं जातं.

इथेच दोन जिल्ह्यांमधल्या दगडाचा फरक पुन्हा महत्त्वाचा ठरतो. लातूरच्या काळ्या पाषाणात स्फटिकरूप सिलिका सहसा कमी असते, तर देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमध्ये ती मोठ्या प्रमाणात असते. गारगोटी तर जवळपास पूर्ण सिलिकाच. म्हणजे नदीतली सुंदर गारगोटी कोरडी कापणं हे या सगळ्यांत जास्त घातक. पाषाणाची धूळही अर्थातच छातीत जाऊ द्यायची नसते.

गुजरातमधलं खंभात अकीकाच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमधला सिलिकोसिस अनेक अभ्यासांमध्ये नोंदवला गेला आहे. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमानेच सिलिकोसिसचा समावेश अधिसूचित आजारांच्या यादीत केला होता. ऑस्ट्रेलियाने तर स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर 1 जुलै 2024 पासून बंदी घातली, कारण तो कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडत होते.

मग काय करायचं?

- दगड नेहमी पाण्यातच कापायचा. पाणी संपलं की मशीन बंद.
- तोंडावर रुमाल किंवा गमछा पुरेसा नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा निदान एन-95 मास्क हवा.
- उरलेला गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की तीच धूळ पुन्हा उडते. गाळ बादलीत खाली बसू द्यायचा आणि ओला असतानाच खड्ड्यात पुरायचा. गटारात किंवा बाथरूमच्या मोरीत ओतला तर पाइप तुंबतो.
- जागा झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे.
- घरात लहान मुलं असतील तर करवत घराच्या आत ठेवायचीच नाही.

किल्लारीचा या सगळ्याशी काय संबंध?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून लोक घरात झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी.

त्या घरांच्या जाड भिंती अनघड, गोलसर दगडांच्या होत्या आणि मातीत बांधलेल्या होत्या. वर माळवदाचा मातीचा जड थर होता. भिंत बाहेरून एक दिसत असली तरी आतून ती दोन वेगळे पापुद्रे आणि मधे भरलेले तुकडे अशी होती. हादरा बसताच पापुद्रे सुटले आणि माळवद खाली आलं. त्यानंतर बराच काळ दगडाच्या घराचीच भीती बसली. पण चूक दगडाची नव्हती, बांधणीची होती.

अशा बांधकामासाठी भारतीय मानक 13828 हे 1993 सालचंच आहे. दगडी भिंतीची जाडी 450 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड उंचीत दर 600 मिलिमीटरवर, तर आडवे जास्तीत जास्त 1.2 मीटर अंतरावर हवेत, असं त्यात सांगितलं आहे. आरपार दगड म्हणजे भिंतीच्या जाडीइतका लांब आणि दोन्ही बाजूंनी नीट टेकणारा दगड. असे लांब दगड गोल गोट्यांमध्ये सहज सापडत नाहीत. ते घडवावे किंवा कापावे लागतात, नाहीतर त्यांच्या जागी काँक्रीटचा ठोकळा किंवा आकड्याची सळई घालावी लागते.

म्हणजे सपाट टेकणारा दगड ही फक्त दिसण्याची गोष्ट नाही. अर्थात, वर सांगितलेली 8 इंची करवत या कामाची नाही. भिंतीचे दगड मोठ्या मशीनवर किंवा जाणत्या कारागिराकडूनच घडवून घ्यावे लागतात आणि घराचा आराखडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा लागतो.

करवत बनवायची की नाही?

दोन-चार तुकडेच कापायचे असतील, तर जवळच्या ग्रॅनाइट-मार्बलच्या दुकानात नेऊन कापून घेणं जास्त सोपं आणि सुरक्षित आहे. नियमित काम किंवा छंद असेल, तरच करवत बनवण्याचा खटाटोप करावा. दगड कुठून आणला हेही बघावं. नदीतून किंवा सरकारी जमिनीवरून गौण खनिज काढायला परवानगी लागते आणि जुन्या मंदिराचा, लेण्याचा किंवा किल्ल्याचा दगड तर उचलायचाच नाही.

आणि घरात कोणी फरशी, ग्रॅनाइट किंवा खडी क्रशरवर काम करत असेल आणि त्यांचा खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना फक्त खोकला आहे एवढंच सांगू नका. किती वर्षांपासून दगडाचं काम करतात, कोरडं कापतात की पाण्यात, हेही सांगा. छातीचा एक्स-रे बघताना डॉक्टरांना ही माहिती लागते आणि ती बहुतेक वेळा कोणी देत नाही.